तात्यांचा न धुतलेला कोट

गल्लीत त्यांना जपूनतात्या म्हणत. खरं नाव कागदोपत्री कुठेतरी असेलच, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. कुणी जिना उतरताना दिसला की तात्या खालून म्हणायचे, "जपून." कुणी चढताना दिसला तरी तेच. समोरचा शिंपी एकदा नुसता खुर्चीत बसून जांभई देत होता, तर तात्यांनी त्यालाही जपून म्हटलं आणि जांभई देताना जबडा निखळलेल्या एका माणसाची गोष्ट सविस्तर ऐकवली. तेव्हापासून आमचे हे जांभई दोन तुकड्यांत देतात, असं शिंपीण सगळ्यांना सांगायची.

सांगायची हसत, पण तात्यांची चेष्टा करायचा हक्क तिला फारसा नव्हता, कारण ती जिवंत होती ती तात्यांमुळे. दोन वर्षांपूर्वी मोरी लख्ख करायच्या भरात तिनं ब्लीचिंग पावडर पसरली आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून वर संडास धुवायचं ॲसिड ओतलं. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगलं होतं, हा तिचा हिशेब. तात्या रस्त्यावरून चालले होते. त्यांनी मान वर केली, नाक फुलवलं, आणि पायातल्या चपलांसकट थेट शिंप्याच्या मोरीपर्यंत गेले. शिंपीण भिंतीला धरून खोकत होती. तिला दंडाला धरून बाहेर ओढली, खिडक्या उघडल्या, दार उघडं टाकलं आणि तासभर कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. तिच्या छातीची घरघर जायला पंधरा दिवस लागले. तात्यांचा शब्द मात्र त्या दिवसापासून गल्लीत कायदा झाला.

मग लोक विचारायला येऊ लागले. उंदराचं औषध कुठे ठेवावं? कुलपात, आणि किल्ली उंदरालाही सापडणार नाही अशी. खोलीला रंग दिलाय, बाळाला कधी निजवावं? वास पूर्ण गेल्यावर, आणि नंतर आणखी चार दिवसांनी. रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरलं तर चालेल का? या प्रश्नाला तात्या उत्तर देत नसत. ते बाटली हातातून काढून घेत आणि सांगत, की पिण्याच्या बाटलीत न पिण्याची वस्तू भरणारा माणूस खुनी असतो, फक्त त्याचं प्रेत अजून सापडलेलं नसतं.

विष ओळखायची त्यांची एक पद्धत होती आणि ती ते बोटांवर मोजून सांगत. ते नाकाला झोंबतं, नाहीतर डोळ्याला चुरचुरतं, नाहीतर कातडीला चावतं. विष म्हणजे भांडखोर पाहुणा, उंबऱ्यावरूनच आरडाओरडा करत येतो. ऐकू आला नाही तर दोष आपल्या नाकाचा. तीन बोटं झाली की तात्या हात खाली घ्यायचे. चौथं बोट त्यांनी कधी मोजलं नाही. चपला बाहेर काढून, पाय न वाजवता आत येणारा, कोपऱ्यात बसून घरचाच होऊन जाणारा पाहुणाही असतो, याची त्यांना कल्पना नव्हती. तो त्यांच्याकडे कित्येक वर्षं मुक्कामाला होता.

तात्या बॅटरीवाले. रस्त्याच्या वळणावर त्यांचं दुकान होतं: एक शटर, दोन टेबलं, एक शेगडी, भिंतीशी ओळीनं मांडलेल्या मोटारींच्या आणि ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्या. वरचं डांबर तापवून काढायचं, आतल्या शिशाच्या प्लेटा उपसायच्या, कामाच्या असतील त्या खरवडून साफ करायच्या, नसतील त्या बदलायच्या, शिसं वितळवून जोड द्यायचे, ॲसिड भरायचं आणि चार्जिंगला लावून द्यायचं. मेलेल्यांना उठवून बसवतो असं ते म्हणायचे. आणि खरंच, तात्यांनी उठवलेली बॅटरी आणखी दोन वर्षं तरी कुरकुर न करता गाडी ओढायची.

या धंद्यात त्यांचा एकच वैरी होता, ॲसिड. त्याच्याशी ते अदबीनं वागत. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, टेबलाखाली खायच्या सोड्याचा डबा आणि पाण्याची भरलेली बादली. तीस वर्षांत तात्यांच्या अंगावर ॲसिडचा एक डाग नव्हता, आणि ते धंद्यातल्या कुणालाही बाह्या वर करून दाखवत.

शिसं मात्र त्यांच्या लेखी घरातलं माणूस. मऊ, जड, नखानं ओरखडा उठेल इतकं गरीब. तापवलं की मुकाट वितळणार, ओतलं की मुकाट बसणार. वास नाही, झोंबणं नाही, चावणं नाही. प्लेटा खरवडताना त्याची करडी, तांबूस भुकटी उडायची. ती भुवयांवर बसायची, कानामागे बसायची, कोटाच्या लोकरीत खोल शिरून बसायची. तात्या तिला धूळ म्हणत. धूळ काय, रस्त्यावरही असते.

कोटाचं सांगायला हवं. तात्यांना ज्यांनी हा धंदा शिकवला त्या उस्तादांनी पहिल्या दिवशी पहिला नियम सांगितला होता तो कोटाचा. सुती कपड्यावर ॲसिडचा थेंब पडला की दुसऱ्या धुण्याला तिथे भोक. लोकरीला ॲसिड सहजासहजी खात नाही. म्हणून बॅटरीवाल्यानं कामावर जाड लोकरीचा कोट घालायचा, भर उन्हाळ्यातसुद्धा. तो घरच्या कपड्यांत धुवायचा नाही, कारण कोटातलं ॲसिड पाण्यात उतरून बायकोपोरांच्या कपड्यांना लागतं. दुकानात ठेवायचा नाही, कारण तिथल्या ओलीनं लोकर कुजते. रोज घरी आणायचा, अंगणात उघड्या हवेत दोरीवर टांगायचा आणि काठीनं झोडून काढायचा. तात्यांनी हा नियम तीस वर्षं पाळला आणि स्वतः दोघांना शिकवला. त्यांचा कोट एकदाही पाण्यात गेला नव्हता. दोरीवर नुसता टांगला तरी तो आत माणूस असल्यासारखा खांदे काढून उभा राहायचा. बायको त्याला सवत म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी या घरात एक रेडिओ आला. म्हणजे नात झाली, पण दीड वर्षाची व्हायच्या आत ती जी बोलायला लागली ती थांबेना, म्हणून आजीनं तिचं नाव रेडिओ ठेवलं. या रेडिओला बंद करायचं बटण बसवायला विसरलेत, असं तिचा बाप म्हणायचा. सकाळी डोळे उघडायच्या आत बातम्या सुरू. मांजर कुठे गेलं, आजीनं कुणाला काय म्हटलं, आईची बांगडी कशी वाजली, सगळं. आई शाळेत शिकवायची, बाप लांबच्या गोदामात कामाला होता, त्यामुळे दिवसभर रेडिओ आजीच्या कानाशी आणि संध्याकाळी तात्यांच्या.

तात्या सायकलवरून उतरले की ती अंगणात तयार असायची. कोट दोरीवर चढायचा. तात्या मोठ्या काठीनं झोडायचे आणि नात छोट्या काठीनं. ती छोटी काठी तात्यांनी मुद्दाम केली होती. तिच्या हाताच्या मापाची, चारही बाजूंनी काचकागदानं घासलेली, हाताला कुसळ लागू नये म्हणून. धप्प, धप्प. कोटातून भुकटीचा लोट निघायचा, उतरत्या उन्हात सोन्यासारखा चमकायचा, आणि ती पोर त्या लोटात उभी राहून खिदळायची. मग तात्या तिला उचलून घ्यायचे आणि ती त्यांच्या भुवया पुसायची, बोटानं, आणि ते बोट नंतर कुठे जायचं ते तीन वर्षांच्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

आजी दारातून म्हणायची, "अहो, हातपाय धुवा आधी." तात्या म्हणायचे की धुतो गं, ॲसिडला मी हात लावलाय कुठे.

रेडिओ बिघडला तो एकदम नाही. आधी जेवायची कुरबुर सुरू झाली. मग पोट दुखतं म्हणून पोटाशी गुडघे घेऊन निजायला लागली. हट्टी झाली, उगाच रडू लागली, आणि बोलणं हळूहळू आटत गेलं. मांजराच्या बातम्या बंद झाल्या, बांगड्यांच्या बंद झाल्या. सुरुवातीला घराला बरं वाटलं. पोर शहाणी व्हायला लागली असं आजी म्हणाली. मग एके दिवशी आजीच्या लक्षात आलं, की आज सकाळपासून आपल्याला कुणी काही सांगितलंच नाही. तिनं पोरीला जवळ घेऊन विचारलं, मांजर कुठाय. पोरीनं मांजराकडे बघितलं. मांजर समोरच होतं. पोरीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

गल्लीनं आपापलं निदान केलं. शिंपीण म्हणाली दाढा येत असतील. शिंपी म्हणाला जंत. डॉक्टरांनीही आधी जंताचं औषध दिलं, मग भूक वाढायचं. पोर फिकी दिसत होती ती फिकीच राहिली. रोज शाळेतून आल्यावर सून तिच्यासमोर चित्रांचं पुस्तक घेऊन बसायची आणि पूर्वी पाठ असलेली नावं विचारायची. उत्तर येईना तसतसा तिचा स्वर हळू होत जायचा. तात्या हे आतल्या खोलीतून ऐकायचे. ऐकायचे आणि उगाचच उठून खिडकीची कडी तपासायचे.

तात्यांनी ठरवलं, घरात कुठेतरी विष आहे. ठरवलं ते बरोबर होतं, हेच या गोष्टीतलं वाईट.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी घर उलटंपालटं केलं. नाक पुढे आणि तात्या मागे. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या गेल्या. फिनेल गेलं. डासांची अगरबत्ती गेली, झुरळांचा फवारा गेला, पलंगाखालचा रंगाचा अर्धा डबा गेला. सुनेची नखं रंगवायची बाटली त्यांनी हुंगली आणि कट्ट्यावर ठेवली. सुनेनं ती टाकून दिली. बायकोच्या गुडघ्याच्या मलमावर थोडा वाद झाला, पण तेही गेलं. पाणी उकळून घ्यायचं, शिळं खायचं नाही, शेजारच्या घरी रंगकाम होतं तर त्या बाजूच्या खिडक्या बंद. एका आठवड्यात घराला कसलाच वास उरला नाही. बायको म्हणाली की इस्पितळालासुद्धा यापेक्षा जास्त वास असतो.

आणि रोज संध्याकाळी, दिवसभराची काळजी उतरवून ठेवावी तसे तात्या अंगणात यायचे. पोर आता पूर्वीसारखी पळत यायची नाही, चालत यायची, पण काठी घेऊन यायची. दिवसभरात ती हसायची ती एवढ्या वेळातच. तेव्हा तात्यांनी हा वेळ वाढवला. पूर्वी पाच मिनिटं झोडायचे, आता पंधरा. उतरलेल्या चेहऱ्यावर जरा हसू येतं तर येऊ दे, म्हणून. मोठ्या हातानं आणि छोट्या हातानं मिळून कोट झोडला जायचा, आणि अंगणातल्या मातीवर, तुळतुळीत घासलेल्या पायरीवर, दोरीवर वाळणाऱ्या टॉवेलांवर ती भुकटी बसत राहायची. आजी सकाळी केरसुणीनं अंगण झाडायची, की ती पुन्हा वर उठायची.

त्याच दिवसांत तात्यांच्या हातून चमचा पडायला लागला. मनगट मधेच सैल व्हायचं. पोटात कळ यायची, एखादं नाव आठवायचं नाही. वय झालं, ते म्हणायचे. बॅटऱ्या उठवतो, मला कोण उठवणार?

मग पोर एका दुपारी ओकली, आणि ओकून झाल्यावर आईच्या मांडीवर अशी पडून राहिली की हाक मारली तरी डोळे नीट उघडेनात. सुनेनं त्या दिवशीची शाळा बुडवली, रिक्षा केली आणि तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. मुलांची डॉक्टरीण तिथे तरुण होती, कमी बोलायची, आणि समोरच्याला शेवटपर्यंत बोलू द्यायची. तिनं रक्त घेतलं. दोन दिवसांनी सगळ्यांना बोलावून घेतलं आणि विशेष करून विचारलं, घरात आजोबा असतात म्हणालात, ते येतील का.

तात्या गेले. अंगावर स्वच्छ सदरा, खिशात नियमांची यादी. डॉक्टरीणबाईंना वेळ नसेल म्हणून त्यांनी ती आदल्या रात्री व्यवस्थित लिहून काढली होती. घरातून काय काय टाकलं, काय कुलपात ठेवलं, कोणती बाटली कुठे असते. बाईंनी यादी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, इतकं नीट वागणारं घर मी अजून बघितलेलं नाही. तात्यांनी मुलाकडे आणि सुनेकडे बघितलं.

मग बाईंनी रक्ताचा कागद समोर ठेवला आणि एका आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. रक्तात शिसं आहे, त्या म्हणाल्या. याचा दहावा हिस्सा निघाला असता तरी मी तुम्हाला बोलावून घेतलं असतं.

तात्या म्हणाले की हे शक्य नाही, शिसं दुकानात असतं, घरात शिशाचा कणही येत नाही. पोर कधी दुकानात आलेली नाही, कारण दुकानात लहान मूल आणायचं नाही हा त्यांचा नियम. बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, "कामावरून घरी आल्यावर पहिलं काय करता, तेवढं सांगा."

तात्या खुलले. हा त्यांच्या सगळ्या नियमांतला नियम. लोकर का, धुवायचा का नाही, दुकानात का ठेवायचा नाही, उघडी हवाच का, त्यांनी उस्तादांपासून सुरुवात केली. बाई लिहीत होत्या. 'झोडून काढतो' या शब्दापाशी त्यांचं पेन थांबलं.

पोर आईच्या मांडीवर होती. मघापासून कशाकडेच बघत नव्हती. कोट हा शब्द ऐकून तिनं मान उचलली. दोन्ही हात एकत्र धरले, डोक्यावर नेले, आणि खाली आणले.

"मी मारते," ती म्हणाली. "धप्प."

आठवड्याभरातलं तिचं हे पहिलं बोलणं होतं. आजी आनंदानं पुढे वाकली, आणि मग खोलीत कुणीच आनंदलेलं नाही असं बघून तशीच वाकलेली राहिली. तात्या पोरीच्या हातांकडे बघत होते. ते हात अजून वर जात होते आणि खाली येत होते.

सून म्हणाली, "बाबा, काठी तुम्ही करून दिलीत ना तिला." आवाज चढवला नाही. एखादी गोष्ट पक्की करून घ्यावी तसं विचारलं. तात्यांनी हो म्हणायला तोंड उघडलं. हो म्हणायला तोंडाला इतका वेळ लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी बाईंना एवढंच विचारलं, की त्याला वास का येत नाही. बाई म्हणाल्या की पुष्कळशा विषांना वास नसतो, म्हणून नाकावर जायचं नाही, कामावर जायचं. आपण दिवसभर कशात हात घालतो, ते अंगावरून घरात कुठपर्यंत येतं, आणि घरात सगळ्यात खाली, जमिनीलगत कोण राहतं, हे आधी बघायचं. तीच भुकटी मोठ्या माणसालाही चढते, पण लहान अंगाला कितीतरी जास्त. मग त्यांनी तात्यांना हात पुढे करायला सांगितले. तात्यांनी केले. उजवं मनगट जरा वेळानं आपोआप खाली झुकलं. बाईंनी त्यांचंही रक्त घ्यायला सांगितलं.

पोरीला तिथेच ठेवून घेतलं. रक्तातलं शिसं ओढून काढणारं औषध असतं, पण घरातली वाट बंद झाल्याशिवाय ते देणं म्हणजे वर नळ चालू ठेवून खाली फरशी पुसणं, असं बाई म्हणाल्या. तेव्हा पोर परत यायच्या आत घर धुवायचं होतं, आणि तेही नव्या पद्धतीनं. झाडायचं नाही, झटकायचं नाही, फुंकायचं नाही. जे काही काढायचं ते ओल्या फडक्यानं, आणि ते फडकं पुन्हा घरात वापरायचं नाही. पोरीच्या पोटात रोज वेळेवर अन्न पडलं पाहिजे, दूध, अंडं, हिरवा पाला, कारण रिकाम्या पोटात शिसं जास्त शिरतं.

कोट तात्यांनी स्वतः काढला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर पाणी पडलं. आधी फवाऱ्यानं भिजवला, म्हणजे उडायचं बंद होईल, मग प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून तोंड बांधलं. भिजल्यावर तो इतका जड झाला की तात्यांना मुलाची मदत घ्यावी लागली. दोघं मिळून बाहेर नेताना शिंपिणीनं विचारलं, कोण गेलं हो. मग तिला कळलं आणि ती पदर तोंडाशी धरून आत गेली.

मुलानं अंगणातली वरची माती काढून नेली आणि जाड फरशी टाकून घेतली. सून आणि आजी चार दिवस गुडघ्यांवर बसून घर पुसत होत्या. तात्यांना घरातलं काम दिलं नव्हतं. कोट बाहेर गेला त्याच संध्याकाळी त्यांचा रक्ताचा आकडा पोरीपेक्षाही मोठा आला होता आणि बाईंनी त्यांना त्या भुकटीच्या जवळपासही जायला बंदी केली होती. ते पायरीवर बसून बघत राहायचे. सून बादली घेऊन बाहेर आली की पाय बाजूला घ्यायचे. बादलीतलं पाणी करडं असायचं. पहिल्या दिवशी करडं, दुसऱ्या दिवशी करडं. चौथ्या दिवशी सून बादली रिकामी करायच्या आधी त्यांच्या समोर ठेवून गेली. पाणी जवळजवळ नितळ होतं.

तात्यांनी प्लेटांचं काम सोडलं. दुकानात फक्त चार्जिंग आणि तयार बॅटऱ्या राहिल्या. तरीही दुकानामागे न्हाणी बांधून घेतली. दुकानातले कपडे दुकानात, चपला दुकानात, डोक्यावरून अंघोळ झाल्याशिवाय सायकलला हात नाही. मग ज्या दोघांना त्यांनी कोट शिकवला होता त्यांच्याकडे गेले. पहिल्याला दोन लहान मुलं होती. तो ऐकता ऐकता उठून उभा राहिला आणि त्याच दुपारी मुलांना घेऊन बाईंकडे गेला. दुसरा हसला. तात्या, तुम्ही म्हणजे ना, जांभईलासुद्धा भिता, असं म्हणाला. तात्या तिथे तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी त्याच्या बायकोशी बोलले. तिनं दार लावून घेतलं नाही, एवढंच.

गल्लीतले लोक पुन्हा काही विचारायला येऊ लागले तेव्हा तात्यांना ते जड जायचं. शिंपीण जुन्या बाजारातून रंगीत मातीची भांडी घेऊन आली होती आणि त्यांत आंबट शिजवलं तर चालेल का, असं तिनं हळूच विचारलं. तात्यांनी भांडं हातात घेतलं, सवयीनं नाकापाशी नेलं, आणि तिथून तसंच खाली आणलं. ते म्हणाले, "मला माहीत नाही. खात्री होईपर्यंत यात खायचं काही ठेवू नका." तात्यांच्या तोंडून मला माहीत नाही हे शब्द गल्लीनं पहिल्यांदा ऐकले.

पोर घरी आली. पोट दुखायचं थांबलं, गालावर रंग आला, मांजराच्या मागे पळायला लागली. बोलायचीही, पण बेतानं, एकेक शब्द हातात घेऊन बघितल्यासारखा. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. आकडा उतरत होता. भराभर नाही, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा, पण उतरत होता.

तिसऱ्या तपासणीच्या वेळी बाई म्हणाल्या की रक्ताचं ठीक चाललंय, आता जरा दुसरं बघू. त्यांनी टेबलाच्या खणातून चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा काढला. सून पोरीला मांडीवर घेऊन बसली. तात्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. आधी त्यांनी बाईंना विचारून घेतलं, की जे गेलं ते परत येतं का. बाईंनी त्यांच्याकडे नीट बघून सांगितलं की काही येतं, काही येत नाही, आणि कुठलं काय ते आजच सांगता येत नाही. वर्षभर बघावं लागेल, कदाचित शाळेत जाईपर्यंत. खोटा धीर देणारी बाई नव्हती. तात्यांना त्या वेळी ती थोडी तशी असती तर चाललं असतं.

"मधे कुणी सांगायचं नाही हं, आजोबा," बाई म्हणाल्या.

पहिलं कार्ड चेंडूचं. पोर म्हणाली, चेंडू. दुसरं मांजराचं. ते तिनं लगेच सांगितलं, आणि मांजराविषयी आणखी दोन शब्दही सांगितले. सून तिच्या केसांत तोंड लपवून हसली. तिसरं घराचं, चौथं चमच्याचं. तात्यांचा श्वास मोकळा झाला.

पाचवं कार्ड छत्रीचं होतं. पोरीनं चित्राकडे बघितलं. तिला ते ओळखू येत होतं, तिच्या डोळ्यांतच दिसत होतं, कारण तिनं मूठ वळून दांडा धरल्यासारखी केली. तोंड उघडलं. मिटलं. बाईंनी कार्ड खाली ठेवलं नाही, हातात तसंच धरून ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. तात्यांनी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पडणाऱ्या माणसाला आधी हाक द्यायची, एवढंच त्यांनी जन्मभर केलं होतं, आणि आता शब्द घशापर्यंत येऊन उभा होता. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. सून बघत होती.

"छत्ली," पोर म्हणाली. मग जरा थांबून, स्वतःच दुरुस्त केल्यासारखं, "छत्री."

बाईंनी हसून मान डोलावली, घड्याळाकडे बघितलं आणि कागदावर त्या शब्दापुढे काहीतरी लिहिलं. एका शब्दाला लागतं त्यापेक्षा जास्त लिहिलं. मग पुढचं कार्ड उचललं. हातातल्या गठ्ठ्यात अजून पुष्कळ कार्डं होती.